पोचवायचे राहिलेले निरोप

थोरले राजपुत्र दलदलीच्या बुरुजावर राहायला जायला तयार झाले. स्वतःहून, भर बैठकीत, उभं राहून, आणि हाताच्या धक्क्यानं पाण्याचा पेला आडवा करून.

पण असं काही घडलेलं नाही. चिटणिसांच्या वहीत तेवढी जागा कोरी आहे, टेबलावरचं पाणी 'हवेतल्या दमटपणामुळे' आलं अशी नोंद आहे, आणि त्या वेळी दिवाणखान्यात असलेल्या आठ माणसांपैकी आठांनीही काही ऐकलेलं नाही. तेव्हा आपणही ते सोडून देऊ आणि सकाळपासून सुरुवात करू. सकाळी सगळं रीतसर होतं.

सकाळी धाकटी सून आपल्या मुलीच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. मुलगी नऊ वर्षांची, पाठीवर दप्तर, हातात गुंडाळी केलेला कागद.

"आई, बुरुजावर शाळा आहे?"

"बेडूक आहेत."

"ते शिकवतात?"

"सात वर्षं ऐकत बसलं तर काहीतरी येत असेल."

मुलीनं यावर विचार केला. "नकाशात आम्ही अजून नदीपर्यंतच आलोय," ती म्हणाली. "समुद्र पुढच्या महिन्यात आहे."

"मग पुढच्या महिन्यात कर."

"बुरुजावर गेलो तर?"

"अजून गेलो नाही," धाकटी म्हणाली आणि नाडीला जरुरीपेक्षा एक गाठ जास्त मारली.

या घराण्यातलं कुठलंही मूल आजवर गावातल्या शाळेत, दुसऱ्यांच्या मुलांशेजारी बसलेलं नव्हतं. ही पहिली. त्यासाठी धाकटीला तीन वर्षं लागली होती आणि अकरा निरोप. त्यातला एकही खोटा नव्हता, हे तिला स्वतःला फार महत्त्वाचं वाटे, कारण तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. माहेर म्हणजे एक होडी आणि दोन वल्ही. वाऱ्याचा वेग मोजता मोजता पाण्यात पडलेल्या धाकट्या राजपुत्राला तिच्या वडिलांनी बाहेर काढलं, आणि धाकट्यांनी कपडे वाळेपर्यंत लग्नाचं ठरवून टाकलं. घरात आल्यावर तिला काय काम द्यावं हे कोणाला सुचेना. म्हणून जे कोणालाच नको होतं ते दिलं. निरोप पोचवायचं.

या घराण्यात अबोल्याला अर्ज लागतो. आजेसासऱ्यांच्या काळात खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोन भावांनी जेवणाच्या टेबलावर तलवारी काढल्या होत्या. तेव्हा फर्मान निघालं: यापुढे भांडण झालं की रीतसर अबोला धरायचा, चिटणिसांकडे कारण लिहून द्यायचं. अबोला असलेल्या दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही असं धरायचं. समोरासमोर काहीही बोललं तरी ते बोललंच नाही. निरोप्यानं पोचवलं की मगच ते बोललं गेलं. निरोप्यानं कानावर पडेल ते पोचवायचं, शब्दशः. एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही.

केव्हा पोचवायचं, हे लिहायचं राहून गेलं होतं.

हे धाकटीच्या लक्षात पहिल्याच वर्षी आलं. सूप वाढताना झालेला अपमान फळं येईपर्यंत ठेवला तर त्यात काही दम उरत नाही. आठवडाभर ठेवला तर ज्याचा त्यालाच आठवत नाही. आणि चांगला शब्द मात्र लगेच, माणूस भुकेला असताना पोचवावा. एवढ्यावर तिनं अकरा वर्षं काढली. पहिली चार वर्षं ती दिवाणखान्यात उभी असे. पाचव्या वर्षी तिला तिपाई मिळाली, सातव्या वर्षी तिपाईवर उशी आली, आणि गेल्या वर्षी सुतारानं कोणी न सांगता तिपाईला पाठ बसवून दिली. आता ती जवळजवळ खुर्ची होती, पण तसं म्हणायला कोणी तयार नव्हतं.

मुलीला उतारावरून खाली जाताना पाहून ती आत वळली. नवरा खिडकीशी वायुभारमापकाला टिचक्या मारत होता.

"आज कोरडं राहील," धाकटे म्हणाले.

याचा अर्थ छत्री घ्यायची. "अहो, तुम्हाला बुरुजावर जायचंय का?" तिनं विचारलं. "खरं सांगा."

"वारा चांगला आहे म्हणतात तिथे."

"आणि पोरीची शाळा?"

धाकट्यांनी काचेला आणखी एक टिचकी मारली. काटा हलला नाही. "मग नाही जायचं," ते म्हणाले. "पण मला कोण विचारतंय?"

ते खरं होतं. त्यांना कोणीच विचारणार नव्हतं.

बैठकीचा दिवाणखाना लांबट. मधे टेबल, एका टोकाला सरकार, म्हणजे तिचे सासरे. डाव्या हाताला थोरले आणि थोरल्या जाऊबाई, उजव्या हाताला मधले आणि मधल्या जाऊबाई, धाकटे खाली दाराजवळ वाऱ्याच्या झोतात. थोरले आणि मधले यांच्यात चार हातांचं अंतर आणि नऊ वर्षांचा अबोला. कारण भिंतीवरच टांगलेलं होतं: घराण्याचं तैलचित्र, त्यात मधले थोरल्यांपेक्षा दोन बोटं उंच आलेले.

सरकारांनी घंटा वाजवली. "बुरुजाचं काय ते बोला."

चिटणीस उभे राहिले. "सध्याचे बुरुजदार निवृत्ती मागतायत. दाढीला शेवाळ आलं असं कारण दिलंय. सोबत नमुना जोडलाय."

"नमुना नको," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"नियमाप्रमाणे तिघा मुलांपैकी एकानं सहकुटुंब जायचं. मुदत सात वर्षं. तिघांपैकी दोघांचं एकमत पुरे."

इथे सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. धाकटे त्या वेळी शिंकत होते.

"सांगा त्याला," थोरले मधल्यांकडे न बघता म्हणाले, "धाकट्यानं जावं. नाहीतरी त्याला वाऱ्याची आवड आहे."

मधल्यांनी ते चार हातांवरून स्पष्ट ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. नऊ वर्षांच्या सरावानं त्यांना आता निरोप पोचेपर्यंत चेहरा कोरा ठेवता येत असे. होकार त्यांच्या ओठांवर तयार होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघा भावांचं कशावर तरी एकमत होणार होतं, आणि ते धाकटीच्या तोंडून होणार होतं.

धाकटी तिपाईवरून उठली.

"चिटणीस, एक शंका होती. बदली होणाऱ्यानं आधी कामाचा निपटारा करायचा, असं कलम आहे ना?"

"सतरावं," चिटणीस आनंदानं म्हणाले. त्यांना कलमाबद्दल वर्षातून एकदा कोणी विचारत असे. "एकही काम शिल्लक ठेवून जाता येत नाही."

"हा निरोप पोचला आणि होकार आला तर माझी बदली झाली. माझ्याकडे थोडे निरोप पोचवायचे राहिलेत."

"किती?"

तिनं सहा वह्या टेबलावर ठेवल्या. तळातली जाड होती.

थोरल्यांनी वह्यांकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"आपलेच शब्द, भावोजी. आणि त्यांचे. नऊ वर्षांतले. त्या वेळी गरम होते म्हणून ठेवले, मग निवले म्हणून राहिले."

"आता ते कशाला उकरायचे?"

"मी बुरुजावर गेल्यावर ते पोचवणार कोण?"

"मी पोचवीन की," मधल्या जाऊबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी खिडक्यांकडे पाहिलं. धाकटी तापानं पडली होती तेव्हा मधल्या जाऊबाईंनी दोन दिवस निरोप पोचवले होते. त्या दोन दिवसांत तीन खिडक्या फुटल्या होत्या आणि स्वयंपाकी घर सोडून गेला होता.

"वाचा," सरकार म्हणाले.

धाकटीनं पहिली वही उघडली. "पहिलं वर्ष, नाश्त्याच्या वेळी. थोरल्या भावोजींकडून मधल्या भावोजींना. 'त्याला सांगा, चित्रात तो उंच दिसतो कारण चित्रकार जमिनीवर बसला होता.'"

"सांगा त्यांना," मधले लगेच म्हणाले, "चित्रकार उभा होता. मी त्याला बसायला स्टूल दिलं होतं, त्यावर त्यानं रंग ठेवले."

"त्याला सांगा, रंग ठेवायला दिलं असेल तर ती लाच झाली."

"त्यांना सांगा, स्टूल परत घेतलंय."

धाकटी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळून हे सगळं शब्दशः पोचवत होती. चिटणिसांची बोटं दुखायला लागली. सरकारांनी बऱ्याच दिवसांनी पाठ सरळ केली.

"पहिलंच वर्ष, अंगणात. मधल्या भावोजींकडून. 'त्यांच्या घोड्यालासुद्धा त्यांचा कंटाळा आलाय. परवा तो माझ्याकडे बघत होता.'"

"कुठला घोडा?" थोरल्यांनी विचारलं.

"तपकिरी."

"तो सगळ्यांकडेच बघतो," थोरले म्हणाले, पण मनाला लागलेलं दिसलं.

अशी वीस-पंचवीस पानं गेली. थोरल्या जाऊबाईंनी विणकाम काढलं. धाकटीचा हिशोब साधा होता. वाचत राहायचं, दोघांना जुनं सगळं आठवू द्यायचं, आणि आजची बैठक उठली की पुढची वर्षभरानं. वर्षभरात पोरीचा समुद्र होऊन जाईल. तिनं पान उलटलं आणि काय लिहिलंय ते आधी बघितलं नाही. तेवढीच चूक झाली.

"तिसरं वर्ष, जिन्यात. थोरल्या भावोजींकडून. 'त्याचा खोकला कमी झाला का विचारा. राहू दे. नाही, विचारा. राहू दे.'"



"हे सगळं शब्दशः आहे?" मधल्यांनी विचारलं.

"दोन्ही 'राहू दे'सकट."

मधल्यांनी टेबलावरची काल्पनिक धूळ पुसली. "सांगा त्यांना, कमी झाला. सहा वर्षांपूर्वीच."

"मधले भावोजी म्हणतात, कमी झाला, सहा वर्षांपूर्वीच."

"बरं झालं," थोरले म्हणाले. मग घसा साफ करून, "सांगा. बरं झालं म्हणून."

थोरल्यांचा चेहरा एकदम पाच वर्षांनी तरुण दिसायला लागला, आणि मधल्यांनी चक्क त्यांच्या दिशेला मान वळवली, कानापर्यंत तरी. दोन भावांचं मनोमीलन होताना पाहून घाम फुटणारी त्या घरात ती एकटीच असावी.

"मग उरलेलं कशाला वाचायचं?" थोरले मोकळेपणानं म्हणाले. "आपण भाऊच आहोत शेवटी. बुरुजाचं ठरवून टाकू. सांगा त्याला, धाकट्याचं पक्कं समजायचं का?"

"कलम सतरा," धाकटी म्हणाली.

"हो, तेही आहे," चिटणीस म्हणाले.

"मग एक वाचा आणि सोडा," सरकार म्हणाले.

एक. तिच्यासमोर सहा वह्या होत्या आणि तिला एक मिळाला होता. कुठल्या वहीत काय आहे हे तिला पाठ होतं. शोधून वाचणं हे खोटं नव्हतं. पण आजवर तिनं कधी शोधून वाचलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं. तिला उतारावरून जाणारी मुलीची दोन वेण्यांची पाठ आठवली, हातातल्या गुंडाळीसकट. तिनं पाचवी वही घेतली आणि मधलं पान उघडलं.

"आठवं वर्ष, बागेत. मधल्या भावोजींकडून. 'त्यांना सांगा, त्यांचा कुत्रा बहिरा नाही. मी त्याला माझ्या खोलीत दुसऱ्या नावाची सवय लावलीय. रोज बिस्किटं घालून.'"

थोरले हळूहळू उठले. हा कुत्रा त्यांचा जीव की प्राण होता. चार वर्षांपूर्वी तो अचानक हाकेला येईनासा झाला तेव्हा त्यांनी तीन वैद्य बोलावले होते. त्यातल्या एकानं कुत्र्याला कर्णा घेऊन दिला होता.

"चार वर्षं," थोरले म्हणाले. निरोपाची वाट न बघता, थेट मधल्यांच्या तोंडावर. "चार वर्षं मी त्याच्या कानात तेल घालतोय. रोज. कोमट करून."

मधल्यांचाही ताबा सुटला. "तरी मी म्हणतोय तो इतका चिकट का असतो."

"कुठलं नाव?"

"सांगणार नाही."

"याच्याबरोबर एका छताखाली राहण्यापेक्षा मी बुरुजावर जातो. सात काय, चौदा वर्षं जातो." पेला आडवा झाला तो इथे.

"जा. सामान मी स्वतः बांधून देतो."

आणि मग ते सगळं झालंच नाही. अबोला असताना समोरासमोर बोललेलं ऐकू येत नसतं. चिटणिसांनी लेखणी उचलून धरली. मधल्या जाऊबाई छताकडे बघू लागल्या. सरकारांनी घंटेची दांडी नीट केली. थोरले धापा टाकत खाली बसले आणि पाणी कुठून आलं अशा चेहऱ्यानं टेबलाकडे बघू लागले. आणखी दोन मिनिटं अशीच गेली असती तर तो विषय इतिहासात कुठेच सापडला नसता.

गरम निरोप पोचवायचा नाही, हा धाकटीनं स्वतःला घालून दिलेला एकमेव नियम. अकरा वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. आणि हा निरोप इतका गरम होता की हातात धरवत नव्हता.

ती उठली, उजवीकडे वळली.

"थोरल्या भावोजींकडून मधल्या भावोजींना. 'याच्याबरोबर एका छताखाली राहण्यापेक्षा मी बुरुजावर जातो. सात काय, चौदा वर्षं जातो.'" मग डावीकडे. "मधल्या भावोजींकडून थोरल्या भावोजींना. 'जा. सामान मी स्वतः बांधून देतो.'"

चिटणिसांची लेखणी आपोआप खाली आली. "तिघांपैकी दोघं," ते पुटपुटले. "एकमत."

"थांबा," थोरले म्हणाले. "मी ते मागे घेतो. सांगा त्याला, मी मागे घेतो."

"पोचवीन, भावोजी."

"आत्ता."

"पोचवीन."

"केव्हा?"

धाकटीनं वही मिटली. "केव्हा, ते नियमात नाही."

तिनं हे अगदी हळू आवाजात सांगितलं. पण त्या वाक्याबरोबर टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की गेली अकरा वर्षं या घरात कोण कुणाशी काय बोललं हे होडीवाल्याची मुलगी ठरवतेय. मधल्या जाऊबाईंनी मनातल्या मनात आपले स्वतःचे निरोप मोजायला घेतले आणि सतरावर येऊन घाबरून थांबल्या.

"चिटणीस," थोरल्या जाऊबाईंनी विणकामातून मान वर न करता विचारलं, "बुरुजावर स्वयंपाकघर केवढं आहे?"

"दोन चुली. एक खिडकी."

"आणि त्यात बायका किती?"

"आपण एकट्याच."

थोरल्या जाऊबाईंच्या सुया थांबल्या. चोवीस वर्षं त्यांनी मधल्या जाऊबाईंबरोबर एकच ओटा वाटून घेतला होता, आणि ओट्यावरच्या खडूच्या रेघेच्या दोन बोटं अलीकडेच उभं राहायची सवय त्यांच्या हाडात भिनली होती. "चौदा नकोत," त्या म्हणाल्या. "सात पुरेत. पण जायचं."

"अगं, तिथे शेवाळ आहे," थोरले म्हणाले.

"अर्ज लिहून घ्या, चिटणीस. मला ह्यांच्याशी अबोला हवाय. संध्याकाळपर्यंतचा चालेल."

"कारण?"

"मन बदलायच्या बेतात आहेत."

"मंजूर," सरकार म्हणाले, आणि मग ते हसले. तो आवाज काय आहे हे कोणाला ओळखू येईना. सुतार पळत सरकारांची खुर्ची बघायला आला.

धाकटे तेवढ्यात दाराजवळून म्हणाले, "म्हणजे आम्ही जायचं की नाही?"

"नाही," धाकटी म्हणाली. तिला बसावंसं वाटलं, आणि ती बसली. तिपाईवर नव्हे, थोरल्यांच्या शेजारची एक रिकामी खुर्ची होती तिच्यावर. कोणी तिला उठवलं नाही. सुतारानं तेवढं पाहून ठेवलं.

सामान बांधायला चार दिवस लागले, कारण निरोप पोचला होता आणि मधल्यांना शब्द पाळावा लागला. सगळं त्यांनीच बांधलं. थोरल्यांचे मोजे जोडी जोडीनं लावले, पुस्तकांत ओल शिरू नये म्हणून मेणकागद घातला, आणि खोकल्याच्या औषधाच्या सहा बाटल्या गवतात गुंडाळून वेगळ्या पेटीत ठेवल्या. पेटीवर 'शेवाळासाठी' असं लिहिलं, म्हणजे कोणाला संशय नको. मुलगी रोज शाळेतून येऊन पेट्यांवर बसे आणि काकांना कुठला नाला कुठे वळतो ते कागदावर दाखवे. मधले काका तिला म्हणाले, "बुरुज नीट काढ. खिडकी दाखव."

गाडी निघायच्या आधी ते धाकटीजवळ आले. "सांगा त्यांना," म्हणाले आणि कुत्र्याचं दुसरं नाव तिच्या कानात सांगितलं.

हा निरोप तिनं वहीत लिहिला नाही. गाडीच्या दाराशी जाऊन लगेच पोचवला. थोरल्यांनी नाव ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि हळूच हाक मारून पाहिली. अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून कुत्रा असा सुटला की गाडीचे घोडे बुजले.

बुरुजावरून पहिलं टपाल पंधरा दिवसांनी आलं. त्यात धाकटीच्या नावावर एक अर्ज होता. चिटणिसांनी तो सगळ्यांसमोर वाचला नाही, कारण मधल्यांनी आदल्याच दिवशी तिच्या हातात दिलेला अर्ज त्यांनी पाहिला होता, आणि दोन्हींत सही सोडून काही फरक नव्हता. धाकटीनं दोन्ही अर्ज दाखल करून घेतले, दोन्हींवर एकच तारीख घातली, आणि सहा वह्यांसकट आपल्या कपाटात ठेवले. किल्ली कुठे ठेवते ते नवऱ्यालाही माहीत नाही. मजकूर असा:

प्रति, निरोप विभाग, बैठकीचा दिवाणखाना.

विषय: शिल्लक निरोपांबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपल्या ताब्यातील वह्यांमध्ये माझ्या भावास उद्देशून माझे काही निरोप पोचवायचे राहिले आहेत, तसेच त्याचे मला उद्देशून काही राहिले आहेत. सबब विनंती की, माझ्याकडून त्याला जाणारे सर्व निरोप न वाचता नष्ट करावेत. त्याच्याकडून मला येणारे सर्व निरोप एकही शब्द न गाळता ताबडतोब द्यावेत. आणि मी असा अर्ज केला आहे हे त्याला कोणत्याही परिस्थितीत कळू देऊ नये, मात्र त्यानं असा अर्ज केल्यास मला तात्काळ कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.